गाळ गेला कोठे?

‘निलंबित’ हा शब्द वर्तमानपत्राच्या वाचकाला मुळीच नवा नाही. अमुक अभियंता निलंबित, तमुक हवालदार निलंबित, अशा बातम्या आपण रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. निलंबित माणूस धड नोकरीत नसतो आणि धड नोकरीबाहेरही नसतो. मधल्यामध्ये लोंबकळत असतो. पाण्यातही असे निलंबित असतात. जे पाण्यात विरघळले नाहीत आणि अजून तळाशीही बसले नाहीत, अशा बारीकसारीक कणांना सांडपाण्याच्या शास्त्रात ‘निलंबित घनपदार्थ’ म्हणतात. माणसांतल्या निलंबितांची चौकशी होते की नाही, हा वेगळा विषय आहे. पाण्यातल्या निलंबितांची चौकशी मात्र आपण फारच ढिसाळपणे करतो आणि त्याची किंमत आपल्या नद्या, आपले आरोग्य आणि काही अभागी माणसांचे जीव देऊन मोजतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी तपासण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. त्यामुळे हा विषय रविवारच्या सकाळी काढण्याचे धाडस करतो आहे.

विषय वाटतो तितका परका नाही. चहात साखर विरघळते, चहाची पूड विरघळत नाही. गाळणीत जे अडकते ते घन आणि जे खाली कपात उतरते ते विरघळलेले, हा भेद आपल्या घरात लहान मुलालाही कळतो. खरकटी भांडी धुताना वाहून गेलेली शिते, भाजीचे देठ, आंघोळीचा मळ, कपड्यांचे तंतू, फरशीवरची माती, साबणाचा साका आणि अर्थातच मैला, हे सारे मिळून घरातून बाहेर पडणारे निलंबित घनपदार्थ होत. पूर्वी पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या घागरीत आजी तुरटीचा खडा फिरवत असे, किंवा निवळीची बी उगाळून घालत असे. पाण्यातले कण एकमेकांना दूर लोटतात म्हणून ते खाली बसत नाहीत. तुरटी त्यांच्यावरचा विद्युत्भार घालवते, ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळ गाठतात. आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण तळाशी बसलेला गाळ घागरीतून काढून टाकावा लागतो, हे तिला पक्के ठाऊक होते. आपल्या नगरपालिकांना आणि गृहनिर्माण संस्थांना नेमका त्याचाच विसर पडतो.

घाण पाणी मोजावे, ही कल्पना जुनी आहे. १८५५ च्या जुलै महिन्यात विख्यात शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे लंडनमध्ये टेम्स नदीतून बोटीने चालले होते. पाण्याचा रंग आणि दर्प असह्य झाला, तेव्हा त्यांनी पांढऱ्या कार्डांचे तुकडे केले, चटकन बुडावेत म्हणून ते ओले केले आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक धक्क्यापाशी थोडे थोडे पाण्यात सोडले. भर उन्हात तो पांढरा कागद इंचभर खाली जाण्याआधीच दिसेनासा होत होता. फॅरेडे घरी जाऊन गप्प बसले नाहीत. त्यांनी ‘टाइम्स’ या दैनिकाला पत्र लिहिले. तीनच वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, टेम्सच्या दुर्गंधीने नदीकाठच्या पार्लमेंटचे कामकाज मुश्कील केले, आणि मग कोठे जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांना पैसा मिळाला. फॅरेडे यांच्या त्या प्रयोगाला ना प्रयोगशाळा लागली ना अनुदान. एक कागद आणि पाहण्याची इच्छा, एवढेच भांडवल होते.

आजची अधिकृत तपासणीही मुळात कागदाचीच आहे. काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंचा एक गोल गाळणकागद घ्यायचा. त्याची छिद्रे दोन मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षा मोठी नसतात. तो धुऊन, ओव्हनमध्ये १०३ ते १०५ अंश सेल्सिअसला वाळवून, हवेतला ओलावा लागू नये म्हणून बंद काचपात्रात थंड करून, मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणाऱ्या तराजूवर तोलायचा. मग नमुन्याची बाटली नीट हलवून ठरावीक पाणी त्या कागदातून गाळायचे. कागद पुन्हा वाळवायचा, पुन्हा थंड करायचा, पुन्हा तोलायचा आणि वजन स्थिर होईपर्यंत हे करीत राहायचे. आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक म्हणजे निलंबित घनपदार्थ. तो एका लिटरला किती मिलिग्रॅम पडतो ते लिहायचे. संपली तपासणी! तोच कागद ५५० अंशांवर जाळला, तर कुजणारा भाग जळून जातो आणि माती-वाळू उरते, म्हणजे त्या घाणीची जातही कळते. याशिवाय कार्ल इमहॉफ या जर्मन अभियंत्याच्या नावाचे एक शंकूच्या आकाराचे काचपात्र असते. त्यात लिटरभर पाणी तासभर ठेवले, की टोकाशी किती गाळ बसला ते नुसत्या डोळ्यांनी वाचता येते.

ताज्या मैलापाण्याच्या एका लिटरमध्ये असे साधारण दोनशे ते चारशे मिलिग्रॅम घनपदार्थ निघतात. म्हणजे किती? चिमूटभर मिठाइतके. एवढ्याशा चिमटीसाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणालाही वाटेल. पण चिमटी एका लिटरची आहे. शहर रोज कोट्यवधी लिटर पाणी सोडते. दहा कोटी लिटर पाण्यात, लिटरला तीनशे मिलिग्रॅम या हिशेबाने, तीस टन कोरडा ऐवज असतो. आणि तो रोजचा असतो, सणावारी नव्हे.

हा ऐवज नदीत गेला की काय होते? प्रथम तो सूर्यप्रकाश अडवतो, त्यामुळे पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू तयार करीनाशा होतात. माशांच्या कल्ल्यांत तो अडकतो. पुढे पाणी संथ झाले की तळाशी बसतो, माशांची अंडी आणि तळाचे जीव गाडून टाकतो, आणि तेथे कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातो. नदीच्या काठाने जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो, तो बहुधा या तळाच्या गाळामुळे. शिवाय हे कण एकटे जात नाहीत. जस्त, शिसे यांसारखे जड धातू आणि रोगजंतू त्यांना चिकटून प्रवास करतात. क्लोरीन घातले की जंतू मरतात अशी आपली समजूत असते. ती निवळलेल्या पाण्याबाबत खरी आहे. कणाच्या आत दडून बसलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोहोचतेच असे नाही.

नदीतले सांडपाणी नळापर्यंत आले म्हणजे काय होते, याचा एक धडा आपल्याच देशात घडलेला आहे. १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पात्राने आपली वाट बदलली आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी उलटे फिरून दिल्लीच्या वझीराबाद जलकेंद्राच्या तोंडाशी आले. केंद्रात तुरटी आणि क्लोरीन वाढवण्यात आले. त्याने विषमज्वरासारख्या जिवाणूंच्या रोगांना आवर बसला, पण विषाणू निसटला. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो विषाणू ‘हेपटायटिस ई’चा होता, हे पुढे अनेक वर्षांनी कळले. नाल्यात सोडलेले पाणी आपल्यापासून कायमचे गेले असे मानण्यात किती धोका असतो, हे सांगायला याहून वेगळे उदाहरण नको.

आता मर्यादेचा प्रश्न. नदीत सोडण्याच्या पाण्यात किती निलंबित पदार्थ चालतील? इंग्लंडमध्ये १८९८ साली नेमलेल्या राजकीय आयोगाने १९१२ सालच्या आपल्या आठव्या अहवालात लिटरला तीस मिलिग्रॅम हा आकडा दिला, आणि जगभर तो प्रमाण होऊन बसला. पण त्या आकड्याला एक अट जोडलेली होती, ती मात्र जगभर गेली नाही. सांडपाण्यात मिसळायला निदान आठपट स्वच्छ नदीचे पाणी उपलब्ध असेल, असे आयोगाने गृहीत धरले होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत धरणाखालच्या नदीत आठपट राहू द्या, एकपट तरी स्वच्छ पाणी असते काय? पुष्कळ शहरांखाली उन्हाळ्यात जी वाहते ती नदी नसतेच. ते शहराचेच सांडपाणी असते. टेम्ससारख्या बारमाही नदीच्या देशातला आकडा आपल्या सहामाही नद्यांना लावायचा, तर तो अधिक कडक असायला हवा. प्रत्यक्षात आपल्या सर्वसाधारण मानकांत नदी-नाल्यांत सोडण्याच्या पाण्याला शंभर मिलिग्रॅमची मुभा आहे. २०१७ च्या अधिसूचनेने मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी महानगरांत पन्नास आणि इतरत्र शंभर अशी मर्यादा घातली. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने याहून कडक मर्यादांचा आग्रह धरला, तो याच कारणासाठी योग्य होता असे मला वाटते.

पण मर्यादा कितीही कडक असो, मोजणारा जागा नसेल तर ती कागदावरच राहते. आणि मोजण्यातली खरी मेख तराजूत नसते, ती बाटलीत असते. वजन खोटे बोलत नाही, पण नमुना बोलू शकतो. सकाळी सात ते दहा या वेळात सारे शहर आंघोळी-धुणी उरकत असते, तेव्हा केंद्रावर पाण्याचा लोंढा येतो. दुपारी तीन वाजता तेथे शुकशुकाट असतो. तीन वाजता भरलेली एक बाटली चोवीस तासांची साक्ष कशी देणार? म्हणून दर तासाला थोडे थोडे, प्रवाहाच्या प्रमाणात घेऊन एकत्र केलेला नमुना अधिक खरा मानतात. बाटली पृष्ठभागावरून भरली तर जड कण त्यात येत नाहीत. ती नीट हलवली नाही तर कण तळाशी राहतात आणि निकाल गोमटा येतो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात नमुना कसा घ्यावा, त्याचे दोन भाग कसे करावेत, दोन्ही पक्षांच्या सह्या आणि मोहोर कशी असावी, हे तपशिलाने सांगितले आहे. कायदा करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता, हे उघडच आहे. आपल्या राज्यानेही याबाबत पुढाकार घेतला होता. केंद्राच्या आधी, १९६९ साली, महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळही स्थापन केले. तो पुढाकार आज नदीकाठी दिसत नाही, हे दुःख आहे.

यावर यंत्राचा उपाय निघाला. २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी अशा सतरा प्रकारच्या उद्योगांना पाण्यावर अहोरात्र नजर ठेवणारी उपकरणे बसवायला सांगितले. उपाय चांगला आहे. पण निलंबित पदार्थ दाखवणारे उपकरण वजन करीत नाही. ते पाण्यातून प्रकाश टाकते, तो किती विखुरला ते पाहते आणि त्यावरून अंदाज सांगते. हा अंदाज खरा ठरवण्यासाठी पुन्हा त्या जुन्या गाळणकागदाकडेच यावे लागते. उपकरणाच्या काचेवर शेवाळ धरले, किंवा त्याचा ताळमेळ कोणी वेळेवर घातला नाही, की पडद्यावरचे आकडे पळत राहतात आणि त्यांना अर्थ उरत नाही.

केंद्रीय मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या यादीप्रमाणे देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होते. शुद्धीकरण केंद्रांची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६ दशलक्ष लिटर. एकट्या महाराष्ट्रात ९,१०७ दशलक्ष लिटर मैलापाणी आणि ६,८९० दशलक्ष लिटर क्षमता, असा हिशेब होता. आकड्यांचा अर्थ साधा आहे. आपण केंद्रे बांधतो, कोनशिला बसवतो, क्षमता जाहीर करतो. पण क्षमता म्हणजे काम नव्हे. भांडे मोठे असले म्हणून स्वयंपाक झाला असे होत नाही. शुद्ध न होणाऱ्या ५२ हजार दशलक्ष लिटरांत लिटरला दोनशे मिलिग्रॅम एवढेच घनपदार्थ धरले, तरी रोज दहा हजार टनांहून अधिक ऐवज नदी-नाल्यांत जातो.

येथे मला वाचकांपुढे माझा मुख्य मुद्दा मांडायचा आहे. केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ आहे की नाही, एवढाच प्रश्न आपण विचारतो. त्याहून नेमका प्रश्न असा की, गाळ गेला कोठे? पदार्थ नाहीसा होत नाही, हे आपण शाळेत शिकलो. दहा कोटी लिटरांच्या केंद्रात रोज तीस टन घनपदार्थ आत आले आणि पन्नास मिलिग्रॅमच्या हिशेबाने पाच टन बाहेर गेले, तर मधले पंचवीस टन केंद्रातच अडकले पाहिजेत. त्यातला काही भाग जिवाणू खाऊन जिरवतात हे खरे. पण विरघळलेल्या घाणीवर वाढलेल्या जिवाणूंचा गाळ त्यात भरही घालतो. काहीही असले तरी त्या केंद्राच्या दारातून रोज गाळाच्या गाड्या बाहेर पडल्या पाहिजेत. गाड्या नाहीत, गाळ वाळवायच्या जागा कोरड्या ठणठणीत, आणि पाण्याचा अहवाल मात्र उत्तम, असे असेल तर त्या अहवालावर विश्वास ठेवायला रसायनशास्त्र नव्हे, भाबडेपणा लागतो. दुधाचा रतीब तर रोज येतो, पण घरात कधी साय दिसत नाही, अशा घरातली गृहिणी काय म्हणेल?

हा प्रश्न केवळ महापालिकेला विचारायचा नाही. पुण्या-मुंबईत, ठाण्यात, नाशिकला आता पुष्कळ मोठ्या गृहसंकुलांची स्वतःची शुद्धीकरण केंद्रे आहेत. बहुधा ती तळघरात असतात, आणि वास आला तरच सभासदांना त्यांची आठवण होते. दोनशे घरांचे संकुल घ्या. घरटी चार माणसे, माणशी रोज शंभर लिटर सांडपाणी. म्हणजे रोज ऐंशी हजार लिटर, आणि लिटरला तीनशे मिलिग्रॅम धरले तर रोज चोवीस किलो कोरडे घनपदार्थ. निम्मे जिरले असे समजा. तरी महिन्याला साडेतीनशे किलोंवर, वर्षाला चार टनांवर कोरडा गाळ निघाला पाहिजे. ओला तर त्याच्या कितीतरी पट. आता आपल्या संस्थेच्या मागल्या वर्षाच्या हिशेबात गाळ उचलल्याची एक तरी पावती आहे काय, ते पाहा. मी काही संस्थांत हे विचारले आहे. चिटणीस प्रामाणिक असतात, ठेकेदाराकडे बोट दाखवतात. ठेकेदार यंत्राकडे दाखवतो. यंत्र अर्थातच बोलत नाही. पावती नसेल तर उत्तर एकच संभवते: रात्री कधीतरी झडप उघडते आणि तो ऐवज पावसाळी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातो.

जेथे गाळ वेळेवर निघत नाही, तेथे तो साचतो. साचला की कुजतो आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू सोडतो. मग एक दिवस वाहिनी तुंबते, आणि कोणा गरजू माणसाला कंबरेला दोरी बांधून खाली उतरवले जाते. २०१३ च्या कायद्याने संरक्षण-साधनांवाचून माणसाला असे उतरवणे गुन्हा ठरवले आहे. अशा मृत्यूंसाठी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. तरी बातम्या येतच राहतात, आणि त्यांत महापालिकेच्या गटारांबरोबर खाजगी संकुलांच्या टाक्याही असतात. आपण न ठेवलेला गाळाचा हिशेब अखेरीस तो माणूस चुकता करतो. मिलिग्रॅमच्या गोष्टी मला रुक्ष वाटत नाहीत, त्या यासाठी.

या तपासणीच्या मर्यादा मी नाकारीत नाही. गाळणकागद विरघळलेले क्षार अडवीत नाही, रंगकामातले रंग अडवीत नाही, सगळे जंतूही अडवीत नाही. पाणी नितळ दिसले म्हणून ते निर्मळ असतेच असे नाही. नदीवर फेस आला की आपण खडबडून जागे होतो, पण फेस बहुतेक वेळा साबणासारख्या विरघळलेल्या द्रव्यांचा असतो आणि त्याची तपासणी वेगळी असते. तेव्हा एवढ्यानेच सारे भागेल असा माझा दावा नाही. मात्र जे केंद्र ही सर्वांत सोपी परीक्षा उत्तीर्ण होत नाही, ते अवघड परीक्षा देईल असे मानायला जागा नाही. आणि सर्वांत सोपी म्हणूनच ही परीक्षा सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक शुद्धीकरण केंद्राच्या फाटकावर एक फळा असावा आणि त्यावर रोज चार आकडे लिहावेत: पाणी किती आले, त्यात किती किलो घनपदार्थ होते, बाहेर किती किलो गेले आणि गाळ किती किलो उचलला. मिलिग्रॅम लोकांना कळत नाहीत, किलो आणि टन कळतात. दुसरे, तालुक्या-तालुक्याच्या विज्ञान महाविद्यालयांत ओव्हन आणि नाजूक तराजू असतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ठरलेल्या क्षारांची तीच ती प्रात्यक्षिके करण्याबरोबर गावच्या नाल्याचे पाणी महिन्यातून एकदा तोलावे आणि निकाल सूचनाफलकावर लावावा. खर्च गाळणकागदांचा, शिक्षण मात्र आयुष्यभराचे. तिसरी मागणी आपली आपल्याकडेच आहे. ज्यांच्या संकुलात असे केंद्र आहे, त्यांनी येत्या वार्षिक सभेत वाहनतळाच्या वादाआधी दोन प्रश्न विचारावेत: बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अहवाल कोणत्या वेळी घेतलेल्या नमुन्याचा आहे, आणि गाळ उचलल्याच्या पावत्या कोठे आहेत?

निवळीचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, तसे नदीच्या आरत्या आणि सुशोभीकरणाचे आराखडे यांनी नदी निवळणार नाही. तिच्यात आपण रोज किती किलो टाकतो, ते आधी तोलले पाहिजे. चिटणिसांनी पावत्या दाखवल्या तर त्यांचे सभेत अभिनंदन करा. नाही दाखवल्या, तर पुढल्या सभेत पुन्हा विचारा.